बेसबॉलमधील ‘हमखास’ भाकिते का चुकतात

24 जुलै 2016 रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, दोन निवृत्त खेळाडूंना समारंभपूर्वक स्थान देण्यात आले. त्यांपैकी केन ग्रिफी ज्युनिअर हा 1987 सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे होतकरू खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, संपूर्ण देशातून सर्वांत आधी निवडला गेलेला खेळाडू होता. दुसरा, माइक पियाझा, त्याच्या पुढच्याच वर्षी 62 व्या फेरीत, 1390 व्या क्रमांकावर निवडला गेला होता, आणि तोही मुख्यतः लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचे मॅनेजर टॉमी लसोर्डा हे त्याच्या वडिलांचे मित्र होते म्हणून. ड्राफ्टची पद्धत 1965 साली सुरू झाली, तेव्हापासून अर्धे शतक लोटेपर्यंत पहिल्या क्रमांकाच्या एकाही मानकऱ्याला हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला नव्हता. ग्रिफी हा पहिला, आणि तो पोहोचला तेव्हा त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस जाणकारांनी तेराशेहून अधिक मुलांच्या मागे टाकलेला होता.

या लेखाचा विषय ग्रिफी नाही आणि पियाझाही नाही. ज्यांच्याविषयी सर्व जाणकारांनी एकमुखाने ग्वाही दिली, ज्यांच्यावर लाखो डॉलर लावले गेले, आणि जे पुढे त्या ग्वाहीप्रमाणे घडले नाहीत, अशा खेळाडूंविषयी हा लेख आहे. अमेरिकेत अशा खेळाडूला ‘बस्ट’ म्हणतात; आपण फुसका बार म्हणू तसा. हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. अपेक्षाभंग घडायला दोन पक्ष लागतात, एक अपेक्षा करणारा आणि दुसरा ज्याच्यावर ती लादली जाते तो. चर्चा मात्र कायम दुसऱ्याचीच होते. अपेक्षा करणाऱ्यांनी ती कशाच्या आधारावर केली, त्यांच्या हिशेबात काय सुटले आणि त्यातले किती त्या मुलाच्या हातात होते, हे पाहिल्याशिवाय या गोष्टी नीट समजत नाहीत.

आधी पद्धत समजून घेऊ. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये आज 30 संघ आहेत. दरवर्षी हे संघ शाळा-महाविद्यालयांतील होतकरू खेळाडूंमधून आळीपाळीने एकेकाची निवड करतात. आदल्या हंगामात जे संघ मागे पडले त्यांना साधारणपणे आधी संधी मिळते, म्हणजे दुबळ्या संघांना उभारी मिळावी, हा त्यामागचा विचार. निवडलेल्या खेळाडूला करारावर सही करताना एक ठोक रक्कम दिली जाते, तिला साइनिंग बोनस म्हणतात. आयपीएलच्या लिलावाशी याची तुलना करण्याचा मोह होईल, पण दोन्हींत मोठा फरक आहे. लिलावातल्या बहुतेक महागड्या खेळाडूंनी वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये आपली योग्यता आधीच दाखवलेली असते. बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाणारा मुलगा अनेकदा सतरा-अठरा वर्षांचा असतो आणि तो शाळेच्या मैदानाबाहेर फारसा खेळलेलाही नसतो. बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलमध्ये निवडला गेलेला खेळाडू बहुधा त्याच वर्षी मुख्य संघाकडून मैदानात उतरतो. बेसबॉलमध्ये त्याला आधी मायनर लीग नावाची शिडी चढावी लागते. तिच्या पायऱ्यांना सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशी नावे आहेत आणि ती चढायला तीन-चार वर्षे लागणे सामान्य मानले जाते. थोडक्यात, संघ पैसे आज मोजतो ते या मुलाच्या पाच वर्षांनंतरच्या रूपासाठी. अठराव्या वर्षी कोणाचेही पाच वर्षांनंतरचे रूप सांगणे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरात त्या वयाची मुले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

हे भाकीत करण्याचे काम स्काउट करतात. गावोगाव फिरून, शाळेच्या मैदानांच्या कठड्यांपाशी उभे राहून ते मुलांचा खेळ पाहतात आणि 20 ते 80 या मापपट्टीवर गुण देतात. 50 म्हणजे मेजर लीगमधील सरासरी खेळाडूइतकी क्षमता. फलंदाजासाठी पाच अंगे पाहिली जातात: चेंडूला बॅट नेमकी लावणे, लांब मारण्याची ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण. यांतील शेवटच्या चार गोष्टी डोळ्यांनी, घड्याळाने किंवा यंत्राने बऱ्याच अंशी मोजता येतात. पहिली, म्हणजे सर्वांत महत्त्वाची, मोजणे सर्वांत कठीण असते.

याचे कारण बेसबॉलच्या मूळ रचनेत आहे. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, फलंदाजापासून 18.44 मीटर अंतरावरून उभ्याने चेंडू फेकतो. ताशी 95 मैल, म्हणजे सुमारे 153 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सुमारे 0.4 सेकंद घेतो. त्यातला बराचसा वेळ चेंडू ओळखण्यात आणि बॅट फिरवण्यात जातो, निर्णयाला उरतो तो एक निमिष. शाळेच्या सामन्यांत बहुतेक पिचर याहून बरेच हळू फेकतात, आणि त्यांचे वळणारे चेंडू फलंदाजाला लवकर कळतात. तिथे एखादा दणकट मुलगा निव्वळ ताकदीवर धुमाकूळ घालू शकतो. तोच मुलगा डबल-एमध्ये पोहोचतो, समोरचा पिचर वेगवान चेंडूच्याच हालचालीने हळू चेंडू टाकतो, आणि शाळेत कधीच न पडलेला प्रश्न त्याला पहिल्यांदा पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ आहे की नाही हे शाळेतल्या खेळावरून ओळखता येत नाही, कारण तिथे तो प्रश्न विचारलाच गेलेला नसतो.

त्यात आणखी एक भर. बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम गणला जातो, म्हणजे उत्तमातला उत्तमही बहुतेक वेळा बादच होतो. शाळेत ज्याला अपयश कधी ठाऊकच नव्हते त्याला अपयश रोज पचवायला शिकावे लागते. बिली बीन याची कथा इथे सांगण्याजोगी आहे. 1980 साली न्यूयॉर्क मेट्स संघाने पहिल्या क्रमांकावर डॅरिल स्ट्रॉबेरीला घेतले आणि त्याच पहिल्या फेरीत, 23 व्या क्रमांकावर, सॅन डिएगोच्या बीनला घेतले. उंच, चपळ, ताकदवान असा बीन स्काउटांच्या पाचही अंगांत बसत होता. काहींना तर तो स्ट्रॉबेरीहूनही सरस वाटत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात जाण्याचा विचार सोडून त्याने करार केला. पुढे सहा हंगामांत मिळून त्याच्या वाट्याला मेजर लीगचे 148 सामने आले, त्यांत तीन होम रन (चेंडू मैदानाबाहेर भिरकावणारे फटके) आणि 0.219 ची सरासरी, म्हणजे दर हजार प्रयत्नांत 219 यशस्वी फटके. बाद झाल्यावर येणारा संताप आणि स्वतःविषयीची शंका त्याला झटकता येत नसे, असे त्याच्याबरोबर खेळलेल्यांनी आणि पुढे त्याने स्वतःही सांगितले आहे. 1990 साली ओकलंड ॲथलेटिक्सच्या सराव शिबिरात त्याने खेळणे थांबवून स्काउटचे काम मागितले. 1997 साली तो त्याच संघाचा सरव्यवस्थापक झाला, आणि खेळाडू कसा ‘दिसतो’ यापेक्षा तो आकड्यांत काय करून दाखवतो याला महत्त्व देण्याची जी पद्धत आज सगळ्या संघांनी उचलली आहे, तिच्या प्रमुख पुरस्कर्त्यांत त्याचे नाव घेतले जाते. ज्या मापपट्टीने त्याला मोठे ठरवले तिच्यावरचा त्याचा अविश्वास हा स्वानुभवातून आलेला होता.

फलंदाजांचे हे झाले. पिचरांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, आणि तो म्हणजे त्यांचा हात.

1991 साली न्यूयॉर्क यांकीज संघाने पहिल्या क्रमांकावर ब्रायन टेलर याला निवडले. उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील बोफोर्ट या गावचा हा डावखुरा पिचर शाळेत असतानाच ताशी 98 मैल, म्हणजे जवळपास 158 किलोमीटर वेगाने चेंडू फेकत असे. यांकीजने सुरुवातीला देऊ केलेली रक्कम त्याच्या कुटुंबाने नाकारली. आदल्या वर्षी टेक्सासच्या टॉड व्हॅन पॉपेल या गोऱ्या पिचरला 12 लाख डॉलरचा करार मिळाला होता, मग आपल्या मुलाची किंमत कमी का, असा टेलरच्या आईचा रोखठोक प्रश्न होता. अखेर 15 लाख 50 हजार डॉलरवर सही झाली. तोपर्यंतच्या ड्राफ्टमधील तो विक्रम होता. (व्हॅन पॉपेलची हकिकतही इथेच सांगून टाकतो. 1990 च्या ड्राफ्टमधील सर्वोत्तम मुलगा म्हणून त्याचा गाजावाजा होता, पण आपण महाविद्यालयात जाणार असे त्याने जाहीर केल्यामुळे अटलांटा ब्रेव्ह्ज संघाने त्याला सोडून चिपर जोन्सला घेतले. जोन्स हॉल ऑफ फेममध्ये गेला. व्हॅन पॉपेल मेजर लीगमध्ये 40 सामने जिंकला आणि 52 हरला; बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय एका पिचरच्या नावे मांडतात.)

टेलरची सुरुवात उत्तम झाली. 1992 साली सिंगल-एमध्ये त्याने 161 डावांत (तीन फलंदाज बाद झाले की एक डाव संपतो) 187 फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडूला बॅट नीट लागू न देता बाद केले. 1993 साली डबल-एमध्ये त्याने 13 सामने जिंकले. चेंडूवरचे नियंत्रण अजून कच्चे होते, पण वय केवळ 21 होते. त्या डिसेंबरमध्ये गावी भावाच्या भांडणात तो मध्ये पडला आणि झटापटीत त्याचा डावा खांदा निखळला, आतील स्नायुबंध आणि कूर्चा फाटली. शस्त्रक्रिया नामवंत शल्यविशारद डॉ. फ्रँक जोब यांनी केली. एक संपूर्ण वर्ष गेल्यावर टेलर परतला, तेव्हा चेंडूचा वेग उतरला होता आणि त्याहून वाईट म्हणजे चेंडू कुठे जाणार याचा त्याला अंदाज राहिला नव्हता. 1996 साली त्याने जेमतेम 16 डाव टाकले आणि त्यांत 43 फलंदाजांना चेंडू टप्प्याबाहेर टाकून फुकट बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, दिला. डबल-एच्या वर तो कधीच गेला नाही. पहिल्या क्रमांकावर निवड होऊन, करार करून, आणि तरीही मेजर लीगचा एकही सामना न खेळता ज्यांची कारकीर्द संपली असे आजवर दोनच खेळाडू आहेत: 1966 चा स्टीव्ह चिल्कॉट आणि हा टेलर.

टेलरच्या निवडीत यांकीजच्या स्काउटांचे काय चुकले? माझ्या मते काहीच नाही. त्यांनी पाहिलेला हात खरोखरच तसा होता. आपल्या भावासाठी धावून जाणाऱ्या मुलाला त्या क्षणी खांद्याची किंमत आठवायला हवी होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

खांद्याची दुखापत आणि कोपराची दुखापत यांतला फरक इथे सांगायला हवा, कारण पिचरांच्या अनेक कथा त्या फरकावर फिरतात. खांद्यावरून जोराने चेंडू फेकण्याची क्रिया मानवी सांध्याच्या सोसण्याच्या मर्यादेजवळची आहे. कोपराच्या आतल्या बाजूस एक स्नायुबंध असतो, तो दर फेकीला ताणला जातो आणि कालांतराने फाटतो. 1974 सालापर्यंत हा स्नायुबंध फाटणे म्हणजे कारकीर्द संपणे. त्या वर्षी याच डॉ. जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातील स्नायूची दोरी काढून ती कोपरात बसवली. जॉन 1976 साली परतला आणि त्यानंतर आणखी 164 सामने जिंकला. ही शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती करून परतलेले पिचर प्रत्येक संघात सापडतात. खांद्याच्या बाबतीत मात्र इतका भरवशाचा उपाय अजून हाती लागलेला नाही. म्हणून बेसबॉलमध्ये एक विचार रुजला आहे की तरुण फलंदाजावर भाकीत करता येते, तरुण पिचरवर करूच नये.

मार्क प्रायर याची कथा या विचाराला आणखी पुष्टी देते. 2001 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने घेतलेल्या या पिचरची फेकण्याची शैली इतकी निर्दोष मानली जाई की त्याला दुखापत होणार नाही असे लोक छातीठोकपणे सांगत. 2003 साली त्याने 18 सामने जिंकले, 245 फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि त्याच वर्षी बेसवर धावताना प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या टकरीत तो जखमी झाला. पुढे 2005 साली समोरून मारलेला चेंडू थेट त्याच्या कोपरावर आदळला. नंतर खांदा गेला. ऑगस्ट 2006 मधला त्याचा मेजर लीगचा शेवटचा सामना झाला तेव्हा तो 25 वर्षांचा होता. शैली निर्दोष असेलही, पण शैली हाडांना आणि नशिबाला बांधून ठेवत नाही.

आतापर्यंतच्या कथांत कोणाला फार दोष देता येत नाही. पुढची कथा तशी नाही.

डेव्हिड क्लाइड हा ह्यूस्टनच्या शाळेतला डावखुरा पिचर. 1973 साली, शाळेच्या शेवटच्या हंगामात त्याने 18 सामने जिंकले आणि एकही हरला नाही. पिचरचे मोजमाप करताना त्याने दर नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या हे पाहतात, आणि त्यात क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा धरत नाहीत. मेजर लीगमध्ये हा आकडा तीनच्या आसपास असला तर पिचर उत्तम समजला जातो. क्लाइडचा शाळेतला आकडा 0.18 होता. टेक्सास रेंजर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. रेंजर्स हा संघ आदल्याच वर्षी वॉशिंग्टनहून टेक्सासला आला होता. तो सतत हरत होता, मैदान रिकामे असे, आणि मालक बॉब शॉर्ट यांना पैशांची चणचण होती. त्यांनी ठरवले की या मुलाला मायनर लीगमध्ये पाठवायचे नाही, थेट मुख्य संघात उतरवायचे. संघाचे मॅनेजर व्हाइटी हर्झोग यांच्याशी झालेली बोली अशी होती की घरच्या मैदानावर दोन सामने खेळवायचे, गर्दी जमवायची आणि मग त्याला खालच्या स्तरावर शिकायला पाठवायचे.

27 जून 1973. शाळा संपून तीन आठवडेही झाले नव्हते. अर्लिंग्टन स्टेडियमवर 35,698 प्रेक्षक जमले. ते मैदान संपूर्ण भरण्याची ती पहिलीच वेळ. बाहेर गाड्यांची इतकी कोंडी झाली की सामना उशिरा सुरू करावा लागला. क्लाइडने मिनेसोटा ट्विन्सच्या पहिल्या दोन फलंदाजांना वॉक दिला, म्हणजे चार-चार चेंडू टप्प्याबाहेर टाकून फुकट बेस दिला. त्यांतला दुसरा त्या काळचा नाणावलेला फलंदाज रॉड कॅरू होता. मग पुढच्या तिघांना त्याने ओळीने स्ट्राइकआउट केले. पाच डावांत त्याने केवळ एक फटका लागू दिला, आठ फलंदाज स्ट्राइकआउट केले, सात जणांना वॉक दिला, आणि सामना जिंकला.

त्या सात वॉककडे त्या रात्री कोणीच लक्ष दिले नाही. खरे तर मुलाला काय शिकायचे आहे हे त्या एका आकड्यात लिहिलेले होते. पण गल्ला भरला होता. दोन सामन्यांची बोली मोडली गेली आणि क्लाइड हंगामभर मुख्य संघातच राहिला, दमदार अनुभवी फलंदाजांसमोर, वयाने दहा-दहा वर्षे मोठ्या सहकाऱ्यांच्या संगतीत, त्याला हात धरून शिकवणारे कोणी नसताना. त्या वर्षी तो चार सामने जिंकला आणि आठ हरला. पुढे खांदा दुखावला, दारूने त्रास दिला, शस्त्रक्रिया झाली, संघ बदलला. 1979 साली, 24 व्या वर्षी, त्याचा मेजर लीगमधला शेवटचा सामना झाला. एकूण हिशेब 18 विजय आणि 33 पराभव. त्या काळच्या नियमानुसार खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी चार वर्षांची सेवा लागत असे. क्लाइडला 37 दिवस कमी पडले. ज्या मुलाच्या नावावर संघाने मैदान भरवले त्याच्या पदरात हे पडावे, याची मला आजही चीड येते.

कोणी म्हणेल की घाई हेच कारण असेल तर घाई सर्वांनाच मारक ठरायला हवी. तसे दिसत नाही, आणि त्याच 1973 च्या ड्राफ्टमध्ये त्याचे पुरावे आहेत. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला रॉबिन याउंट पुढच्याच वर्षी, 18 व्या वर्षी मिलवॉकीकडून मेजर लीगमध्ये खेळू लागला. चौथ्या क्रमांकाचा डेव्ह विनफिल्ड मायनर लीगचा एकही सामना न खेळता थेट सॅन डिएगोच्या संघात गेला. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मात्र हे दोघे रोज खेळणारे फलंदाज होते, पिचर नव्हते. त्यातही विनफिल्ड महाविद्यालय करून आलेला, वयाने मोठा. त्यामुळे घाई घातक की नाही याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. कोणाच्या बाबतीत आणि कोणाच्या सोयीसाठी घाई केली, हे पाहावे लागते. क्लाइडच्या बाबतीत ती मालकाच्या सोयीसाठी होती, यात मला शंका वाटत नाही.

निवडीतही पैसा असाच आड येतो. 2004 साली सॅन डिएगो पाद्रेज संघाची निवड पहिली होती. त्या वर्षी जेरेड वीव्हर आणि स्टीफन ड्रू या महाविद्यालयीन खेळाडूंचा बोलबाला होता, पण त्यांच्या मागण्या मोठ्या होत्या. पाद्रेजने गावातलाच, तुलनेने स्वस्तात सही करणारा मॅट बुश हा मुलगा घेतला आणि त्याला 31 लाख 50 हजार डॉलर दिले. पहिला सामना खेळण्याआधीच मारामारीच्या प्रकरणात त्याला अटक झाली. फलंदाजी जमली नाही, म्हणून त्याला पिचर करून पाहिले, मग दुखापती झाल्या. 2012 साली दारूच्या अमलाखाली गाडी चालवताना त्याने एका वृद्ध मोटारसायकलस्वाराला गंभीर जखमी केले आणि त्याला तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. मे 2016 मध्ये, 30 व्या वर्षी, तो रेंजर्सकडून पिचर म्हणून मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. त्या ड्राफ्टमध्ये बुशच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर, डेट्रॉइटने जस्टिन व्हरलँडरला घेतले होते, आणि तो पुढे त्याच्या पिढीतला श्रेष्ठ पिचर ठरला. बुशचे अपराध बुशचेच. त्यांचे ओझे दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. पण त्याला पहिल्या क्रमांकाचे बिरुद चिकटवण्यात संघाच्या तिजोरीचा हात होता, आणि ते बिरुद नसते तर त्याच्या फलंदाजीतील अपयशाची कोणी बातमीही केली नसती.

शेजारच्या क्रमांकाशी होणारी ही तुलना बस्ट ठरवण्याचे सर्वांत मोठे साधन आहे. 1966 साली मेट्सने चिल्कॉट हा शाळकरी कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, घेतला आणि दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सने रेजी जॅक्सनला घेतले. पुढच्याच वर्षी चिल्कॉटचा खांदा दुखावला आणि तो त्यातून सावरला नाही. जॅक्सनने 563 होम रन मारले. चिल्कॉटचे नाव आज निघते ते केवळ जॅक्सनमुळे. त्याच्यानंतरचा मुलगा साधारण निघाला असता, तर एका दुखापतग्रस्त कॅचरची आठवण कोणी ठेवली असती?

यामागे संख्याशास्त्रातील एक साधा नियमही आहे, आणि तो समजला की अनेक अपेक्षाभंगांचे गूढ उरत नाही. समजा, शंभर मुलांच्या एका वर्गाची परीक्षा झाली आणि एक मुलगा पहिला आला. त्याच्या गुणांत त्याची हुशारी आहेच, पण त्या दिवशीच्या अनुकूल योगायोगांचाही वाटा आहे: अभ्यास केलेलाच भाग विचारला गेला, प्रकृती ठीक होती, तपासणारा उदार होता. हुशारी पुढच्या परीक्षेतही त्याच्याबरोबर राहील, योगायोग राहतीलच असे नाही. म्हणून पहिला आलेला मुलगा पुढच्या वेळी चांगले गुण मिळवेल, पण बहुधा तितके चांगले नाही. ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळवणारा म्हणजे देशभरातील हजारो मुलांमधून ज्याच्याविषयीचा अंदाज सर्वांत वर गेला तो मुलगा. अंदाज इतका वर जाण्यात त्याच्या गुणांबरोबर अंदाजातल्या चुकांचाही हात असतो, आणि नेमक्या त्याच्या बाजूने झालेल्या चुका सर्वांत जास्त असण्याची शक्यता असते. यात कोणाचा आळस नाही, कोणाची फसवणूक नाही. सर्वांत वरच्या अंदाजाची घसरण ही त्या अंदाजाच्या जागेतच बसवलेली असते.

अंदाज दुसऱ्या दिशेनेही चुकतो. अल्बर्ट पुहोल्स 1999 साली 13 व्या फेरीत, 402 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याने 703 होम रन मारले. त्याला सोडून देणाऱ्या संघांना मात्र कोणी बस्ट म्हणत नाही.

शिवाय ‘अयशस्वी’ कोणाला म्हणायचे, ही रेघही डगमगती आहे. स्टीफन स्ट्रॅसबर्ग 2009 साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा त्याच्याएवढा बोलबाला झालेला पिचर क्वचितच झाला असेल. पहिल्याच सामन्यात त्याने 14 फलंदाज स्ट्राइकआउट केले, तीन महिन्यांत कोपराची शस्त्रक्रिया झाली, 2019 साली तो वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, त्यावर 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार मिळाला, आणि त्या करारात तो आठ सामने टाकू शकला. एकाच माणसाच्या कारकिर्दीत यश आणि अपेक्षाभंग दोन्ही पुरेपूर आहेत. 2002 साली पिट्सबर्गने पहिल्या क्रमांकावर घेतलेला ब्रायन बुलिंग्टन मेजर लीगमध्ये एक सामना जिंकला आणि नऊ हरला. तो जपानला गेला आणि हिरोशिमा कार्प संघात त्याने अनेक वर्षे भरवशाचा पिचर म्हणून काढली. पिट्सबर्गच्या प्रेक्षकाला तो बस्ट. हिरोशिमाच्या प्रेक्षकाला हा शब्द समजावून सांगणे अवघड जाईल.

मार्क अपेल हा या सगळ्यांत मला जवळचा वाटतो. स्टॅनफर्डच्या या पिचरला 2012 साली पिट्सबर्गने आठव्या क्रमांकावर निवडले, पण देऊ केलेले पैसे नाकारून तो शिक्षणाचे शेवटचे वर्ष पूर्ण करायला परत गेला. 2013 साली ह्यूस्टन अॅस्ट्रोजने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि 63 लाख 50 हजार डॉलर दिले. दुसऱ्या क्रमांकावर कब्जने क्रिस ब्रायंटला घेतले. ब्रायंट 2016 साली लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी कब्जने 108 वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली. अपेल तेव्हा मायनर लीगमध्ये मार खात होता. दुखापती झाल्या, त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवले गेले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्याने खेळापासून दूर होत असल्याचे जाहीर केले. आता टेलर आणि चिल्कॉट यांच्या पंक्तीला तिसरे नाव बसणार, असे सर्वांनी लिहून टाकले.

तीन हंगाम गेले. 2021 साली अपेल फिलाडेल्फिया फिलीजच्या मायनर लीग संघात परत आला. 29 जून 2022 रोजी, निवडीनंतर नऊ वर्षांनी, तिसावे वर्ष संपत आलेले असताना, त्याला अटलांटाविरुद्धच्या सामन्यात नवव्या डावात मैदानात पाठवण्यात आले. सामना तोपर्यंत फिलीजच्या हातून गेल्यासारखाच होता. त्याने धाव दिली नाही. त्या उन्हाळ्यात तो सहा सामन्यांत मिळून दहा डाव आणि वर एक फलंदाज बाद इतके खेळला, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी 1.74 राहिली, आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही.